लाल बॅरनचे ८०, फोंकचे ७५: हे आकडे वाचायचे कसे?

एप्रिल १९१७, फ्रान्समधलं आरास. साडेतीन हजार मीटर उंचीवर एक ब्रिटिश वैमानिक जर्मन अल्बाट्रॉस विमानाच्या शेपटीमागे जातो आणि मशीनगनचा घोडा दाबतो. अल्बाट्रॉस एका अंगावर कलंडतं, गरगरत खाली जातं आणि ढगात शिरतं. त्याच्यामागे खाली जाणं धोक्याचं असतं, कारण वर आणखी चार जर्मन विमानं आहेत. वैमानिक तळावर परततो आणि अहवाल लिहायला बसतो.

त्याने एक विमान पाडलं की नाही?

तो ब्रिटिश असेल तर बहुधा ‘हो’. ‘ताबा सुटून खाली गेलं’ असा शेरा पडेल आणि त्याच्या नावावर एक विजय चढेल. तो फ्रेंच असता तर बाहेरच्या साक्षीदाराने विमान जमिनीवर पडलेलं पाहिलं का, अशी विचारणा झाली असती. तसा साक्षीदार नसेल तर प्रकरण ‘संभाव्य’ म्हणून बाजूला पडलं असतं, मुख्य आकड्यात आलं नसतं. जर्मन वैमानिकाला तर ‘ताबा सुटला’ हा रकानाच उपलब्ध नव्हता. एकच प्रसंग, आणि त्याची तीन उत्तरं.

पहिल्या महायुद्धातला सर्वश्रेष्ठ लढाऊ वैमानिक कोण, या वादात पहिल्यांदा पाडलेल्या विमानांची एक यादी समोर ठेवली जाते: जर्मनीचा मानफ्रेड फोन रिश्टहोफेन (हाच ‘लाल बॅरन’) ८०, फ्रान्सचा रने फोंक ७५, कॅनडाचा बिली बिशप ७२, मग जर्मनीचा एर्न्स्ट उडेट ६२ आणि ब्रिटनचा मिक मॅनॉक ६१. क्रिकेटच्या धावांसारखी ही यादी वाचली की गफलत होते. धाव कुठल्याही मैदानावर धावच असते. इथे प्रत्येक देशाचा पंच वेगळा होता आणि नियमही वेगळे होते.

मोजणीचे नियम

फ्रेंचांनी पाच विमानं पाडणाऱ्याला ‘एस’ म्हणायला सुरुवात केली आणि वर्तमानपत्रांनी तो शब्द उचलून धरला. ब्रिटिश लष्कराने असं वीरांचं कौतुक अधिकृतपणे फारसं केलं नाही, पण अहवाल मात्र नेमाने जपले. त्यांच्याकडे विमान जाळलं किंवा मोडलं, शत्रूचं विमान ताब्यात आलं आणि ‘ताबा सुटून खाली गेलं’, असे प्रकार होते. तिघांनी मिळून एक पाडलं तर तिघांच्याही नावासमोर ते दिसू शकत होतं. फ्रेंच पद्धतीतही वाटून घेतलेल्या विजयाचा पूर्ण मान प्रत्येकाला मिळे. जर्मनांचा नियम कडक होता: एक विमान, एकच धनी. दोघांनी दावा केला तर वरून निवाडा व्हायचा आणि एकाच्या पदरी शून्य पडायचं.

‘ताबा सुटून’ हा रकाना सगळ्यात फसवा होता. १९१७ पर्यंत बहुतेक अनुभवी वैमानिकांना गिरकी मुद्दाम घ्यायची आणि त्यातून बाहेर यायचं हे जमू लागलं होतं. मागे शत्रू लागला की विमान गिरकीत टाकायचं, हजार-दीड हजार मीटर खाली जायचं, ढगाखाली सरळ करायचं आणि घर गाठायचं, ही सुटकेची नेहमीची युक्ती झाली. वरून पाहणाऱ्याला मरणाऱ्याची गिरकी आणि पळणाऱ्याची गिरकी सारखीच दिसते. म्हणून ब्रिटिश यादीतले बरेच ‘बळी’ त्याच संध्याकाळी आपल्या तळावर जेवत होते. याचा अर्थ ब्रिटिश वैमानिक खोटं बोलत होते असा नाही. जे दिसलं ते त्यांनी लिहिलं.

मग ब्रिटिशांनी जर्मनांसारखा कडक नियम का केला नाही? उत्तर हवेच्या दिशेत आहे. फ्रान्स आणि फ्लँडर्सवर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. ब्रिटिश हवाई दलाचं धोरण आक्रमक होतं, त्यामुळे त्यांची विमानं रोज खंदक ओलांडून जर्मन हद्दीत जात. जर्मन बहुतांशी आपल्या बाजूला थांबून वाट पाहत. झटापट सुरू झाली की वारा सगळ्यांनाच आणखी पूर्वेला, म्हणजे जर्मन हद्दीत खोलवर ढकलायचा. पडलेली विमानं जर्मन मातीवर पडायची. जर्मन वैमानिक गाडी घेऊन अवशेषांपर्यंत जाऊ शकायचा, विमानाचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, मशीनगनचे क्रमांक टिपून घेऊ शकायचा. रिश्टहोफेनच्या अहवालांत असे क्रमांक सापडतात, म्हणूनच त्याचे बहुतेक विजय ब्रिटिशांच्या नुकसानीच्या नोंदींशी नावानिशी जुळवता आले आहेत. ब्रिटिश वैमानिकाला मात्र अवशेष कधी दिसायचेच नाहीत. वर इंजिनाला गोळी लागली असेल तर समोरच्या वाऱ्याशी झगडत घर गाठायचं असायचं. रिश्टहोफेनचे ८० आणि बिशपचे ७२ शेजारी लिहिताना हा वारा मध्ये धरावाच लागतो.

आपल्याकडचं एक उदाहरण घेऊ. कोलकात्याचे इंद्रलाल रॉय ब्रिटिश ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये एसई-५ए हे लढाऊ विमान चालवत. ६ ते १९ जुलै १९१८ या दोन आठवड्यांत त्यांच्या नावावर दहा विजय लागले, त्यातले तीन तर ८ जुलै या एकाच दिवशी. २२ जुलैला ते मारले गेले तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते. त्यांच्या दहांत ‘ताबा सुटलेली’ विमानं आहेत, वाटून घेतलेलीही आहेत. जर्मन नियम लावला तर आकडा खाली येईल. म्हणून कर्तृत्व कमी होत नाही. नवख्या वैमानिकाने आघाडीवर पहिले दोन आठवडे तगणं हीच मोठी गोष्ट होती, आणि रॉय तर त्या दिवसांत रोज हल्ला करत होते. त्याच उन्हाळ्यात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून सॉपविथ डॉल्फिन चालवत होते. २७ जूनला ते बेपत्ता झाले आणि ३० जूनला जर्मनांच्या ताब्यात जखमांनी गेले. श्रेष्ठत्वाच्या कुठल्याही यादीत त्यांचं नाव येत नाही. त्या आकाशात गेलेल्या बहुसंख्य वैमानिकांचं असंच झालं.

समोर कोण होतं?

‘एस’ म्हटलं की दोन लढाऊ विमानं एकमेकांभोवती घिरट्या घालतायत असं चित्र डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात मोठ्या आकड्यांच्या मागे टेहळणीची आणि तोफखान्याला दिशा देणारी दोन आसनी विमानं फार आहेत. हे गैर नव्हतं. वरचं विमान तोफेचा नेम सुधारून खाली शेकडो सैनिक मारू शकत होतं, तेव्हा तेच पाडणं हे लढाऊ वैमानिकाचं मुख्य काम. पण सगळी दोन आसनी विमानं सारखी नव्हती. ब्रिटिशांच्या बीई-२ मध्ये निरीक्षक पुढच्या आसनावर, पंखांच्या दांड्या आणि तारांच्या जाळ्यात बसायचा आणि वैमानिक मागे. मागून येणाऱ्यावर गोळी झाडायची तर निरीक्षकाला वैमानिकाच्या डोक्यावरून झाडावी लागे. हे विमान स्थिर उडावं म्हणूनच बनवलेलं होतं, म्हणजे झटकन वळायचंही नाही.

एप्रिल १९१७ मध्ये अल्बाट्रॉस डी-३ समोर अशी विमानं रोज येत होती. ब्रिटिशांनी त्या महिन्यात सुमारे २४५ विमानं गमावली. एकट्या रिश्टहोफेनच्या नावावर त्या महिन्यात एकवीस विजय आहेत. तो थंड डोक्याचा, शिस्तीचा शिकारी होता यात शंका नाही, पण त्या महिन्यात त्याच्या हातात चांगलं विमान होतं आणि समोर जुनी. याउलट १९१८ च्या उन्हाळ्यात लढणाऱ्या जर्मनांना चांगलं इंधन आणि वंगण तेल मिळेना, आणि समोर विमानांची संख्या दुप्पट-तिप्पट. त्या काळातला एक विजय एप्रिल १९१७ च्या विजयापेक्षा अवघड होता असं आम्हाला वाटतं. एक गैरसमजही इथेच दूर करू: लाल ट्रायप्लेन (एकावर एक तीन पंखांचं विमान) हे रिश्टहोफेनचं चिन्ह झालं असलं तरी त्यावरून त्याने जेमतेम वीसेक विमानं पाडली. बाकीची बहुतेक अल्बाट्रॉसवरून.

नेमबाजी म्हणजे काय?

श्रेष्ठ वैमानिक म्हणजे कसरती करणारा, हा समज सगळ्यात चिवट आहे. उडवण्याचं कौशल्य लागायचंच, पण विमानं पडायची ती नेमाने. त्याचं गणित सोपं आहे.

समोरचं विमान ताशी १८० किलोमीटरने आडवं चाललंय, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. तुमची गोळी सरासरी सेकंदाला ७०० मीटर जाते असं धरा. अंतर २०० मीटर असेल तर गोळीला पोचायला सुमारे ०.२८ सेकंद लागतात. तेवढ्यात लक्ष्य १४ मीटर पुढे सरकतं. अल्बाट्रॉसची लांबी सात मीटरच्या थोडी वर. म्हणजे विमानावर नेम धरलात तर गोळ्या पूर्ण एक विमान सोडून मागून जातील. नेम धरायचा तो त्याच्या पुढच्या दोन विमान-लांबी रिकाम्या हवेत, तेही स्वतःचं विमान थरथरत असताना. आता अंतर ५० मीटरवर आणा. लक्ष्य साडेतीन मीटरच सरकेल, अर्धं विमान. आणि त्याच्या बरोब्बर मागे, त्याच दिशेने उडत असाल तर पुढचा हिशेब करावाच लागत नाही. ‘जवळ जा आणि मागून जा’ या सल्ल्यामागे शौर्य नाही, हा भागाकार आहे.

या गणिताला अपवाद ठरलेला माणूस रने फोंक. तो तिरक्या कोनातून, पुढचा हिशेब मनात करून, अगदी मोजक्या गोळ्यांत काम संपवायचा. ९ मे १९१८ ला त्याने एका दिवसात सहा विमानं पाडली, त्यातली पहिली तीन एका मिनिटाच्या आत. २६ सप्टेंबरला पुन्हा सहा. आणि त्याचे ७५ हे कडक फ्रेंच मोजणीतून उतरलेले आहेत. त्याचा स्वतःचा हिशेब १२७ चा होता. निव्वळ नेमबाजीवर निकाल लावायचा झाला तर फोंकच्या जवळपास कुणी येत नाही. तो लोकप्रिय कधीच झाला नाही. फ्रेंच जनतेचं प्रेम जडलं ते ५३ विमानं पाडून ११ सप्टेंबर १९१७ ला बेपत्ता झालेल्या जॉर्ज गिनमेरवर. फोंक गर्विष्ठ वाटायचा आणि तो जिवंत राहिला, या दोन्ही गोष्टी त्याच्या आड आल्या.

नेम बरोबर असूनही बंदूक अडली तर सगळं व्यर्थ, आणि बंदूक वारंवार अडायची. काडतुसाची कड किंचित फुगलेली असली की ते नळीत अडकायचं. थंडीत वंगण तेल घट्ट व्हायचं आणि यंत्र सुस्तावायचं. कापडी पट्टा ओला झाला की आवळून बसायचा. एसई-५ए च्या वरच्या पंखावर लुईस गन असायची. तिची ९७ गोळ्यांची थाळी संपली की वैमानिकाने विमानाचा दांडा गुडघ्यांत धरायचा, बंदूक वाकड्या रुळावरून खाली ओढायची, रिकामी थाळी काढून नवी बसवायची. सगळं ताशी दीडशे किलोमीटरच्या वाऱ्यात, जाड हातमोजे घालून. थाळी वाऱ्याच्या झोतात आडवी धरली गेली तर हातातून सुटायची.

म्हणूनच जेम्स मकडनकडे नीट पाहायला हवं. तो सैन्यात बिगुल वाजवणारा पोरगा म्हणून शिरला, हवाई दलात मेकॅनिक झाला, मग निरीक्षक आणि शेवटी वैमानिक. ५७ विजय. स्वतःच्या बंदुका तो स्वतः तपासायचा आणि नेम स्वतः जुळवायचा. आपल्या एसई-५ए च्या इंजिनात त्याने जास्त दाबाचे पिस्टन बसवून घेतले, त्यामुळे ते विमान सहा हजार मीटरच्या आसपास पोचू लागलं. जर्मन रुम्पलर टेहळणी विमानं त्या उंचीवर निर्धास्त फिरायची, कारण तिथे कुणी येतच नसे. मकडन एकटाच वर जाऊन, प्राणवायूच्या नळीशिवाय, कडाक्याच्या थंडीत त्यांची वाट बघायचा. मागून आणि किंचित खालून, जिथे निरीक्षकाची बंदूक स्वतःच्याच शेपटीमुळे झाडता येत नाही, तिथे जाऊन बसायचा. जागा मिळाली नाही तर सोडून द्यायचा. त्याची जवळपास एक तृतीयांश शिकार ब्रिटिश हद्दीत पडली, म्हणजे अवशेष हाती आले. ब्रिटिश यादीत इतका पक्का आकडा क्वचितच सापडतो. ९ जुलै १९१८ ला उड्डाण करताच इंजिन बिघडलं आणि तो गेला.

बिशप आणि मॅनॉक यांच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. इथे थोडक्यात. बिशपला ज्या २ जून १९१७ च्या एकट्याने केलेल्या तळावरील हल्ल्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्याला साक्षीदार नव्हता आणि जर्मन नोंदींत त्याला दुजोरा मिळत नाही. म्हणून त्याचे ७२ सगळेच खोटे असं म्हणणं घाईचं, पण सर्वश्रेष्ठाच्या वादात तो आकडा तारण म्हणून ठेवता येत नाही. मॅनॉकचे ६१ मित्रांनी युद्धानंतर ७३ पर्यंत वाढवले. त्याची गरज नव्हती. नवख्या वैमानिकांना सोबत नेऊन, त्यांना विजयाची संधी देऊन, जिवंत परत आणणारा तुकडीप्रमुख म्हणून त्याचं स्थान पक्कं आहे.

आणि वेर्नर फॉस. २३ सप्टेंबर १९१७ च्या संध्याकाळी तो एकटा ट्रायप्लेन घेऊन ५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या सात-आठ निवडक वैमानिकांशी भिडला, त्यात मकडनही होता. जवळजवळ दहा मिनिटं तो सगळ्यांच्या मधोमध होता. प्रत्येक एसई-५ए ला त्याच्या गोळ्या लागल्या. चढण्यात त्याचं विमान सरस होतं, निघून जाता आलं असतं. तो गेला नाही. शेवटी ऱ्हीस डेव्हिड्सच्या गोळ्यांनी तो पडला, वय वीस. विमान उडवण्याची कला हाच निकष लावायचा असेल तर आमचं मत फॉसला. पण लढाऊ वैमानिकाचं काम जिंकून परत येणं आणि उद्या पुन्हा जाणं हे आहे.

काही जण इथे दुसऱ्या महायुद्धातल्या एरिक हार्टमानचे ३५२ पुढे करतात. त्या आकड्यामागे १,४०० हून अधिक उड्डाणं आहेत. जर्मन वैमानिकांना ठरावीक मुदतीनंतर घरी पाठवण्याची पद्धत नव्हती आणि पूर्व आघाडीवर लक्ष्यांची वाण नव्हती. दोन युद्धांचे आकडे एका तराजूत घालू नयेत.

आमचा कौल

आमचा कौल ओस्वाल्ड ब्योल्केला. विजय फक्त चाळीस.

त्यातले पहिले एकोणीस विजय जून १९१६ पर्यंतचे, म्हणजे पंख्याच्या पात्यांमधून गोळी झाडता येण्याची सोय नवीकोरी होती आणि आकाशात मुळात विमानंच कमी होती तेव्हाचे. जूनमध्ये त्याच्या बरोबरीचा माक्स इमेलमान मेला. दोघेही जाऊ नयेत म्हणून ब्योल्केला लढाईतून काढून दौऱ्यावर पाठवलं गेलं. त्याच काळात त्याने आपला अनुभव आठ नियमांत उतरवला. हल्ल्याआधी उंची आणि सूर्य आपल्या बाजूला घ्या. सुरू केलेला हल्ला पूर्ण करा. जवळून आणि नेम बसला तरच झाडा. शत्रूवरची नजर हटवू नका, त्याच्या सोंगाला फसू नका. मागून हल्ला करा. शत्रू वरून तुमच्यावर झेपावला तर पळू नका, त्याच्याकडे तोंड करून जा. शत्रूच्या हद्दीत असाल तर परतीची वाट विसरू नका. आणि तुकडीने लढताना कित्येक जण एकाच शत्रूच्या मागे लागू नका.

आज हे साधं वाटतं. १९१६ मध्ये प्रत्येक वैमानिक हे स्वतःच्या जिवावर शिकत होता, बहुतेक शिकण्याआधी मरत होते. ब्योल्केने त्याचा अभ्यासक्रम केला. ऑगस्टमध्ये त्याला यास्टा-२ ही नवी तुकडी मिळाली, वैमानिक त्याने स्वतः निवडले. नवी विमानं येईपर्यंत तो एकटा वर जायचा आणि पोरांना जमिनीवर शिकवायचा. १७ सप्टेंबरला त्याने त्यांना पहिल्यांदा एकत्र नेलं. त्याच दिवशी रिश्टहोफेनने पहिलं अधिकृत विमान पाडलं. पुढे जानेवारी १९१७ मध्ये रिश्टहोफेन यास्टा-११ चा प्रमुख झाला तेव्हा त्या तुकडीच्या नावावर एकही विजय नव्हता. ब्योल्केकडून शिकलेलंच त्याने तिथे शिकवलं. एप्रिल महिन्यात त्या एका तुकडीच्या नावावर ८९ विजय लागले.

सप्टेंबर-ऑक्टोबर १९१६ च्या आठ आठवड्यांत ब्योल्केने स्वतः आणखी एकवीस विमानं पाडली. २८ ऑक्टोबरला तो आणि एर्विन ब्योमे एकाच ब्रिटिश डीएच-२ विमानाच्या मागे होते. दुसऱ्या डीएच-२ चा पाठलाग करत रिश्टहोफेन आडवा आला. दोघांनी झटकन विमानं वळवली आणि ब्योमेच्या विमानाची चाकं ब्योल्केच्या वरच्या पंखाला घासली. धक्का हलका होता, पण पंखाची चौकट सुटत गेली. ब्योल्केने पट्टा बांधला नव्हता.

रिश्टहोफेन त्यानंतर अठरा महिने जगला. २१ एप्रिल १९१८ ला सॉम नदीकाठी तो एका नवख्या कॅनेडियनचा पाठलाग करत जमिनीलगत उडत होता. त्या सकाळी वारा नेहमीच्या उलट, पूर्वेकडून वाहत होता आणि त्याला ऑस्ट्रेलियन तोफा-बंदुकांच्या डोक्यावर घेऊन चालला होता. एकच गोळी लागली. ती त्याच्यामागे लागलेल्या कॅनेडियन वैमानिक कॅप्टन रॉय ब्राउनची की जमिनीवरच्या मशीनगनची, यावर वाद झाला. अभ्यासकांचा कल आज जमिनीवरच्या मशीनगनकडे आहे. ज्या ठिकाणी तो कोसळला तिथून त्याची स्वतःची हद्द पूर्वेला होती.